पोटात जाते ते कागदावर

प्रिय मुली,

काल संध्याकाळी तू माझ्या जेवणाच्या टेबलावर पिशवी उलटी केलीस, आठ बाटल्या आणि कागदाच्या दोन पुड्या ओळीने मांडल्यास आणि विचारलेस, “मावशी, यातले काय घेऊ आणि काय सोडू?” मी लगेच उत्तर दिले नाही, कारण माझे लक्ष त्या ओळीत नसलेल्या बाटलीकडे होते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची नारिंगी बाटली पिशवीच्या तळाशीच राहिली होती. ती मी काढली, कॅप्सूल ताटलीत ओतल्या आणि मोजल्या. तेहेतीस वर्षे औषधांच्या दुकानात पाच-पाच करून गोळ्या मोजलेला हात आहे हा. दहा दिवसांच्या वीस कॅप्सूल, सात दिवस पुरे झालेले, म्हणजे सहा उरायला हव्या होत्या. नऊ निघाल्या. पोटात आग पडत होती म्हणून तीन वेळा कॅप्सूलऐवजी टिंक्चरचे, म्हणजे वनस्पतीच्या अर्काचे, थेंब घेतले, असे तू खाली मान घालून सांगितलेस, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणालीस, “डॉक्टरांना यातले काही माहीत नाही. ते चिडतील.”

त्या शेवटच्या वाक्याने मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून पहाटे उठून हे लिहीत बसले आहे.

लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराची माहिती तुला मी द्यायला नको. मॅसॅच्युसेट्सच्या जंगलात मातीचे नमुने गोळा करणारी मुलगी तू. खसखशीच्या दाण्याएवढी कोवळी गोचीड जून महिन्यात कुठे बसते हे तू मला शिकवावेस. गुडघ्यामागचे पसरत जाणारे लाल वर्तुळ तू ओळखलेस आणि दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेलीस, हे उत्तम केलेस. आजार लवकर सापडला आहे, त्यावरचे औषध ठरलेले आहे, आणि ते नीट घेतले तर बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात. त्यामुळे “काय घेऊ, काय सोडू” हा तुझा प्रश्न मला दुय्यम वाटतो. माझे सांगणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जे पोटात जाते ते कागदावर येते, आणि तो कागद डॉक्टरांसमोर जातो. वगळायचे काही नाही. आईने पाठवले म्हणून नाही, “नुसते नैसर्गिक आहे” म्हणून नाही, लाज वाटते म्हणून तर मुळीच नाही.

तुझ्या त्या ओळीतल्या तिसऱ्या बाटलीपासून सुरुवात करते, कारण तिच्याशी माझा जुना हिशेब आहे. कामदुधा. डॉक्सीने छातीत जळजळ होते असे तू आईला फोनवर सांगितलेस आणि तिने ती ओळखीच्या माणसाबरोबर धाडली. आम्लपित्तावर आपल्या वैद्यांनी मोठ्या विचाराने बांधलेले ते औषध आहे. पण त्यात आहे काय, ते पाहा: प्रवाळ, मोती, शिंपला, शंख आणि कवडी, म्हणजे पाच रूपांतले कॅल्शियम, वर गेरू, म्हणजे लोह, आणि गुळवेलीचे सत्त्व. डॉक्सिसायक्लिन पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमला भेटले की त्यांना चिकटून बसते, आणि अशी बांधली गेलेली जोडी आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. कॅप्सूल तू गिळलेली असतेस, बाटलीतून ती कमी झालेली असते, आणि तरीही तिच्यातला काही भाग तुझ्या उपयोगाला आलेला नसतो. रात्री झोपेसाठी तू मॅग्नेशियमची पूड पाण्यात ढवळून घेतेस आणि त्याच पाण्याबरोबर कॅप्सूल गिळतेस, तिथेही हेच घडते.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरी मी स्वतः तेच केले. १९९६ च्या जूनमध्ये बागेत काम करताना मला गोचीड चावली, वर्तुळ उठले, एकवीस दिवसांचे डॉक्सी मिळाले. पोट जळू लागले तशी मी सांगलीहून आणलेली कामदुधा काढली आणि सकाळ-संध्याकाळ कॅप्सूलबरोबरच घेत राहिले. दिवसभर काउंटरवर उभी राहून लोकांना “यासोबत अँटासिड घेऊ नका, दुधाबरोबर घेऊ नका” असे सांगत होते, आणि घरी येऊन शंखभस्म खात होते. कारण माझ्या डोक्यात अँटासिड म्हणजे काउंटरवरची गुलाबी बाटली, आणि कामदुधा म्हणजे माझे वैद्य आजोबा. दोन्ही एकाच पोटात जातात, हे मला सुचलेच नाही. नोव्हेंबरमध्ये उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले आणि विचारले, “औषध पूर्ण घेतले होते?” मी म्हटले, हो. “सोबत आणखी काही?” मी म्हटले, नाही.

त्या “नाही”ची मला आजही लाज वाटते. खोटे बोलावे असे मनात नव्हते. त्या गोऱ्या माणसासमोर शंख आणि कवडी कशी समजावून सांगू, असा संकोच वाटला, एवढेच. मला पुन्हा अठ्ठावीस दिवसांचे डॉक्सी घ्यावे लागले आणि गुडघा बरा झाला. कामदुधेमुळेच पहिला उपचार फसला, हे मी सिद्ध करू शकत नाही; एरवीही काही रोग्यांना पुढे सांधा धरतो. पण मी लपवले, म्हणून कोणाला ते तपासताच आले नाही, आणि हेच मला सलते.

तुझ्या आईवर मी रागावलेली नाही, हे तिला जरूर सांग. ती दोडामार्गची. २०१६ पासून तिने आपल्या भागात माकडताप पाहिला आहे. गोचीड चावली, काजूच्या बागेत गेलेला धडधाकट माणूस तापाने पडला आणि डॉक्टर म्हणाले की या विषाणूवर नेमके औषध नाही, असेच तिने ऐकले. गोचिडीचा आजार म्हटल्यावर तिला तेच आठवणार आणि ती घरातला डबा उघडणार. तिला नीट समजावून सांग की माकडताप विषाणूचा आहे आणि तिथे अँटिबायोटिक चालत नाही. लाइम जिवाणूचा आहे आणि इथे ते चालते. तिचे भय जाईल. आणि भय गेले की पुड्याही कमी होतील.

पुड्यांवर नाव नाही, हे मात्र मला चालणार नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या आसपासच्या आपल्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. ती निदान वेष्टनातली, नाव छापलेली उत्पादने होती. वर्तमानपत्राच्या कागदातली करडी पूड तू का खावीस?

आता तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने दिलेले टिंक्चर. जपानी नॉटवीडचे टिंक्चर, कॅट्स क्लॉच्या कॅप्सूल, आर्टेमिसिया: ही नावे कुठून आली हे मला माहीत आहे. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांनी काही वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत लाइमच्या जिवाणूवर टाकून पाहिले आणि यांतल्या काहींनी जिवाणू खरोखर मारले. अभ्यास चांगला आहे, मी तो बारकाईने वाचला. पण ते काचेच्या भांड्यात घडले, रोग्याच्या शरीरात नाही. गिळलेला अर्क जठरातून, यकृतातून वाट काढत त्वचेपर्यंत आणि सांध्यापर्यंत किती पोहोचतो, हे त्या भांड्याला कसे कळणार? आणि ज्या कालमेघाच्या गोळ्या तू “ही तर आपली वनस्पती” म्हणून दाखवल्यास, त्याच अभ्यासात त्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नव्हता. तीन कॅप्सूलच्या जागी तू जे थेंब घेतलेस, ते त्या कॅप्सूलची जागा घेतील असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही.

टिंक्चरनंतर मळमळ वाढली तेव्हा मैत्रीण म्हणाली की ही जिवाणू मरत असल्याची खूण आहे. हे ऐकून मी काल कप जरा जोरात ठेवला, त्याबद्दल क्षमा कर. अशी प्रतिक्रिया खरी असते, तिला यारिश-हर्क्सहायमर म्हणतात. पण ती अँटिबायोटिक सुरू केल्यावर साधारण पहिल्या चोवीस तासांत, काही थोड्याच रोग्यांना येते आणि लवकर ओसरते. सहाव्या दिवशी थेंब घेतल्यावर अर्ध्या तासाने होणारी मळमळ ही मळमळच आहे. बरे वाटले तर औषध लागू पडले आणि वाईट वाटले तरी लागू पडले, असे ज्याच्याबद्दल सांगतात त्या औषधावर मी विश्वास ठेवत नाही. तूही ठेवू नकोस. वहीत वेळ लिही, थेंब लिही, मळमळ लिही. पोटात जाते ते कागदावर.

यकृताबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे माझी दुसरी चूक आहे. २०२१ मध्ये माझे थोरले भाऊ सांगलीत रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होते. करोनाचे दिवस होते, सगळेच घेत होते. त्यांनी मला फोनवर विचारले आणि मी म्हटले, “घे की दादा, काय होणार आहे?” दोन महिन्यांनी डोळे पिवळे झाले. त्याच वर्षी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, तो वाद मला ठाऊक आहे. पण दादांचा काढा बंद केला आणि ते हळूहळू सावरले, हे मी रोज फोनवर ऐकत होते. अश्वगंधा आणि मिरीच्या अर्कासह येणारी हळदीची कॅप्सूल यांच्याबाबतही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होते. पण तुझ्या टेबलावर तिन्ही होती.

आणि याहून अवघड गोष्ट पुढे आहे. लाइमची गोचीड एकाच चाव्यात ॲनाप्लाझ्मोसिस हा दुसरा आजारही देऊ शकते, आणि त्यात यकृताची एन्झाइमे वाढतात. उद्या तुला पुन्हा ताप आला आणि रक्तात ती वाढलेली दिसली, तर डॉक्टर गोचिडीचा माग काढतील आणि कारण कदाचित गुळवेल असेल. किंवा तू मनात गुळवेलीला दोष देत घरी बसशील आणि कारण गोचीड असेल. लपवलेली बाटली ही अशी दोन्ही बाजूंनी फसवते. म्हणून सांगते, कागदावर.

माझी धाकटी बहीण म्हणते की मी अमेरिकेत येऊन आजोबांना विसरले. आजोबा वैद्य होते, आणि त्यांची आठवण तिच्याइतकीच मलाही आहे. ओसरीवर ते रोग्याची नाडी धरायचे, पण त्याआधी विचारायचे: काल काय खाल्लेस, कोणाकडून काय घेतलेस, कोणता काढा प्यालास, किती दिवस? उत्तर मिळेपर्यंत पुडी बांधायचे नाहीत. कोणी लपवले तर परत पाठवायचे. काउंटरवर मी जेव्हा गिऱ्हाइकाला “आधी सगळी यादी द्या, मग औषध देते” म्हणून थांबवून ठेवत असे आणि मालक माझ्यावर नाराज होत असे, तेव्हा मी आजोबांचेच काम करत होते. बहिणीला हे अजून पटलेले नाही. मला त्याबद्दल शंका नाही.

आता उद्याचे. सोमवारी सकाळी आठ वाजता दवाखाना उघडतो. मंगळवारच्या भेटीची वाट पाहू नकोस, फोन कर आणि पहिले वाक्य हेच म्हण की तीन कॅप्सूल चुकल्या आहेत, पुढे काय करू. तोपर्यंत राहिलेल्या कॅप्सूल वेळेवर घे, चुकलेल्या एकदम भरून काढू नकोस. पोळीभाजी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घे आणि तासभर आडवी होऊ नकोस. जळजळ बरीचशी त्यानेच थांबेल. दूध, दही कॅप्सूलपासून दोन-तीन तास लांब ठेव. बाकी आठही बाटल्या आणि पुड्या मंगळवारपर्यंत बंद ठेव, आणि त्या दिवशी पिशवीसकट घेऊन जा. डॉक्टर चिडले तर चिडू देत. मी बाहेर गाडीत बसेन, हवे तर आत येईन.

सोबत एक आखलेला कागद ठेवला आहे. नाव, किती, केव्हापासून, केव्हा बंद केले, असे चार रकाने आहेत. पहिल्या ओळीत डॉक्सिसायक्लिन आणि दुसरीत कामदुधा मी लिहिली आहे, पुढचे तुझ्या हाताने लिही. पुड्यांची नावे आईला विचार. तिलाही आठवत नसतील तर रंग आणि वास लिही.

तुझी,
मावशी