‘नको’ म्हणजे खरंच नको का?

या वेळची पत्रं वाचताना एक गंमत दिसली. गैरसमज सगळे दोन-तीन अक्षरी शब्दांवरून झालेत. नको, हो, आम्ही, आलो. मोठे मोठे शब्द कुणाला नडत नाहीत वाटतं. काही मेल फारच लांब होते, मी कापलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा, दीड वर्ष झालं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एकानं घरी जेवायला बोलावलं. बटाट्याचं सॅलड, ब्रेड, चीज, मस्त होतं सगळं आणि मला भूकही सॉलिड लागलेली. त्याच्या बायकोनं विचारलं अजून वाढू का, मी हसून ‘डांके’ म्हणलं, म्हणजे थँक्यू, तर तिनं भांडं उचलून पलीकडे ठेवलं! परत कुणी विचारलंच नाही. रूमवर येऊन मॅगी केली. हे लोक कंजूष आहेत की माझं काही चुकलं?

चुकलं तुझंच रे, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तिकडे गेलेल्या निम्म्या लोकांचं हे झालेलं असतं. जर्मनमध्ये कुणी वाढायला आलं आणि तू नुसतं ‘डांके’ म्हणालास की त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नको, थँक्यू’ असा घेतात. हवं असेल तर ‘या, गेर्न’ म्हणायचं, म्हणजे हो, आवडेल की, नाहीतर ‘या, बिट्टे’. तू हसून ‘डांके’ म्हणालास, तिला ते ‘नको’ असं ऐकू आलं आणि तिनं तुझा मान राखून भांडं उचललं, कंजूषपणाचा काही संबंध नाही.

आणि समजा तू स्पष्ट नको म्हणाला असतास तरी तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतंच असं नाही. एकदा नको म्हणलेल्या माणसाला परत परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसल्यासारखं, असा तिकडचा साधारण हिशोब. आपल्याकडे उलटं. साताऱ्याकडच्या लग्नातली पंगत आठव. पहिला नको संकोचाचा, तो वाढपी ऐकतच नाही. दुसरा नको आला की ‘अहो अर्धी तरी घ्या’ सुरू होतं. ताटावर आडवा हात आला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी पडतेच. खरा नको ओळखायचा तर माणसाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघावं लागतं.

यातली मजा अशी की मराठीत इच्छा नाही हे सांगायला ‘नको’ असा खास वेगळा शब्द आहे, ‘नाही’हून निराळा. हिंदीत तो नाही, तिथं ‘नहीं चाहिए’ असं दोन शब्दांत सांगावं लागतं. तो इतका कामाचा की दख्खनी बोलीनं आपल्याकडून उचलला, हैदराबादेत आजही ‘नक्को’ ऐकू येतं. आणि ज्यांनी हा शब्द घडवला त्या आपल्या घरांत तो कुणी खरा धरत नाही! अर्थात आपण एकटे नाही. इराणमध्ये ‘तारोफ’ म्हणून प्रकार आहे, टॅक्सीवाला उतरताना म्हणतो राहू दे हो पैसे, तुमच्यापुढं काय एवढं. ते ऐकून खरंच न देता निघालात तर पंचाईत, दोनतीनदा आग्रह करून द्यायचेच असतात.

माझंही एकदा उलटं झालंय. मी परदेशी लोकांना मराठी शिकवायचे तेव्हा एक जर्मन विद्यार्थी होळीला घरी आलेला, तो प्रत्येक वेळी नको म्हणायचा आणि मी प्रत्येक वेळी वाढायचे. चार पुरणपोळ्या खाल्ल्या बिचाऱ्यानं, तुपासकट. नंतर कधीतरी हळूच विचारलं की तुमच्या भाषेत थांबा कसं म्हणतात. तेव्हा पुढच्या वेळी तू त्या दोघांना घरी बोलव, कांदेपोहे कर, आणि ते नको म्हणाले की डाव खाली ठेव. जीवावर येईल, पण ठेव.

प्रश्न : मैं लखनौची, लग्न होऊन ठाण्यात आले, तीन वर्षात मराठी बऱ्यापैकी शिकले. रविवारी सकाळी सासूबाईंना म्हणाले, ‘आई, आज आम्ही बाहेर जेवायला जाणार आहोत, तुम्ही काही करू नका.’ मला सगळ्यांनी जायचं होतं, चार जणांचं टेबल पण सांगून ठेवलेलं. त्यांनी दुपारी दोघांपुरती खिचडी टाकली आणि तयारच झाल्या नाहीत. दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो तूच तसं बोललीस. मी काय बोलले?

अगं बाई, तू त्यांना घरीच बसवलंस, आणि वर स्वयंपाकाचं पण सांगितलंस!

हिंदीत एकच ‘हम’. समोरचा धरून असो की सोडून असो, हमच. मराठीत त्याचे दोन तुकडे आहेत आणि दोघांत भिंत आहे. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझ्यासोबतचे, पण ज्याच्याशी बोलतोय तो सोडून. ‘आपण’ म्हणजे ऐकणारासुद्धा त्यात आला. तू म्हणालीस आम्ही जाणार, त्यांना ऐकू आलं की मी आणि तुमचा मुलगा जाणार, तुम्ही दोघं राहा. तुझ्या मनात हम होतं, तोंडातून आम्ही आलं, डिक्शनरीत अर्थ बरोबर दिसतो म्हणून कुणी तुला टोकलंही नसेल इतके दिवस.

हा भेद गुजरातीतही आहे, अमे आणि आपणे. तमिळमध्ये नांगळ आणि नाम, तेलुगूत मेमु आणि मनमु. दक्षिणेच्या भाषांच्या शेजारामुळे तो आपल्याकडे आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे या बाबतीत तुझी लखनौ ठाण्यापासून जेवढी लांब आहे तेवढं चेन्नई नाही, गंमत आहे की नाही.

घरात तर या दोन शब्दांवर फार काही चालतं. नवी सून सुरुवातीला ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणते, तिथं आमच्याकडे म्हणजे माहेर, आणि ते ऐकून सासरी कुणीतरी भांडं जरा जोरात ठेवतं. मग एखाद्या दिवशी ती सहज म्हणून जाते ‘आपल्याकडे गौरी खड्याच्या असतात ना’, तिच्या लक्षातही येत नाही पण घरात सगळ्यांच्या लक्षात येतं. दुकानदार पण पक्के असतात, ‘आपलंच दुकान आहे वहिनी’ म्हणतात, ‘आमचं दुकान’ म्हणत नाहीत. निवडणुकीतले बॅनर तर बघच, ‘आपला माणूस’. ‘आमचा माणूस’ लिहिलं तर मत कोण देईल.

आता तुला अजून गोंधळात टाकते, सॉरी. हाच ‘आपण’ फार आदरानं ‘तुम्ही’च्या जागी पण येतो, ‘आपण बसावं’. आणि मुंबईतली पोरं ‘मी’च्या जागी वापरतात, ‘आपल्याला नाही जमत हां बॉस’, तिथं तो एकटाच असतो, तू त्यात नसतेस. आजोबा नातवाला म्हणतात ‘आपण आता झोपूया हं’ आणि स्वतः मॅच बघत बसतात. तर हे सगळं हळूहळू येईल, आत्ता एवढंच धर, ज्याच्याशी बोलतेयस तो माणूस सोबत येणार असेल तर आपण, नाहीतर आम्ही.

सासूबाईंना व्याकरण समजावत बसू नकोस, तो खुलासा नवऱ्यानं करायला पाहिजे होता, कळलेलं असून गप्प बसला म्हणजे त्याचंही चुकलंच. तू येत्या रविवारी फक्त म्हण, ‘आई, आपण सगळे मिसळ खायला जाऊ.’ त्या आधी नको म्हणतील. त्याचं काय करायचं ते वर सातारकराच्या उत्तरात लिहिलंय, ते उलटं वाच.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या गावातली आहे, शिकायला पुण्यात होस्टेलवर राहतो. आमच्याकडं पोरी ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. इथल्या रूममेट हसतात, तू मुलगा आहेस का म्हणतात. आता बोलायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो, मग गप्पच बसतो. मी भाषा बदलू का?

गप्प बसू नकोस! मी सांगलीकडची आहे, पुण्यात आल्यावर पहिलं वर्षभर हेच भोगलंय, ‘मी गेलो’ म्हणाले की वर्गात खसखस पिकायची. तेव्हा लाजून बदललं, आणि आता माहेरी गेले की बहिणी म्हणतात लई पुणेरी झालीस की गं. दोन्हीकडून गेले.

‘मी आलो’ म्हणणारी कोल्हापूरची बाई चुकीचं मराठी बोलत नाही, तिकडचं मराठी बोलते. शेजारच्या कानडीत तर बाई असो की पुरुष ‘नानु बंदे’च म्हणतात, मी म्हणणाऱ्याच्या क्रियापदाला तिथं लिंगच नाही. आणि त्या हसणाऱ्या मुलींना विचार, ‘मी उद्या येईन’ यात मुलगा कुठला आणि मुलगी कुठली? प्रमाण मराठीतही भविष्यकाळात तो भेद नाहीच, तिथं कुणाला हसू येत नाही. होस्टेलवर कुणी नागपूरची असेल तर तिच्याशी दोस्ती कर, ती ‘मी जेवून राहिली’ म्हणत असणार आणि पुणेकर तिलाही विचारत असणार की जेवून कुठं राहिलीस. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात होता, तिथं ‘खा रही हूँ’ची सावली पडणारच.

परीक्षेत, मुलाखतीत पुस्तकी भाषा वापर, तिथं गुणांचा प्रश्न आहे. खोलीवर तुझीच बोल. आठवडाभरात त्याच मुली ‘चल की गं’ म्हणायला लागतील बघ, कोल्हापुरी लागट असते.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट जपानी. प्रेझेंटेशनभर ते लोक ‘हाय, हाय’ करत मान हलवत होते, हाय म्हणजे हो एवढं मला माहीत होतं. शेवटी म्हणाले विचार करतो. मी मॅनेजरला मेल टाकला की डील झालं. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांना ते नकोच होतं. हे खोटं बोलणं नाही का?

नाही हो. ते ‘हाय’ म्हणजे होकार नव्हता, ‘ऐकतोय, पुढं बोला’ एवढंच. जपानीत अशा मधल्या हुंकारांना ‘आइझुची’ म्हणतात, शब्द लोहाराच्या भट्टीवरून आलाय, दोन लोहार आळीपाळीनं घण घालतात ना, एकाचा पडला की दुसऱ्याचा, तसं बोलणं. ऐकणारा पूर्ण गप्प बसला तर बोलणाऱ्याला वाटतं याचं लक्ष नाही. तुम्हाला लहानपणी आजीनं गोष्ट सांगितली असेल तर तिनंही बजावलं असेल, हुं म्हण नाहीतर गोष्ट बंद. तुम्ही हुं म्हणालात म्हणजे राक्षसाशी सहमत होतात असं थोडंच.

आणि ‘विचार करतो’, म्हणजे बहुतेक ते ‘केंतो शिमास’ म्हणाले असणार, तो बरेचदा सभ्य नकार असतो. ‘मुझुकाशी’ म्हणजे अवघड आहे म्हणाले, किंवा ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’ एवढंच बोलून श्वास ओढून थांबले, तर समजायचं विषय संपला.

आता खोटेपणाचं. तुम्ही स्वतः शेवटचं तोंडावर ‘नाही’ कुणाला म्हणालात आठवून बघा. उसने पैसे मागितले की ‘बघू’. सोसायटीच्या कमिटीत या म्हणाले की ‘बघतो, सांगतो’. आणि लग्नाच्या स्थळाला तर आपण सगळ्यात सुंदर नकार शोधून ठेवलाय, ‘पत्रिका जुळत नाही’. मुलगी पसंत नाही, मुलाचा पगार कमी आहे, मावशीला नाक आवडलं नाही, सगळ्याचं खापर मंगळावर, कुणाचा अपमान नाही. पलीकडच्यांनाही कळतं आणि तेही पोह्यांबद्दल थँक्यू म्हणून उठतात. त्यांचं केंतो ही त्यांची पत्रिका समजा.

पुढच्या वेळी मीटिंगमध्ये हो का नाही असं विचारू नका, ‘कुठला भाग अवघड वाटतोय’ असं विचारा, नाहीतर मीटिंग संपल्यावर त्यांच्यातल्या ज्युनियर माणसाशी निवांत बोला. आणि मॅनेजरला मेल टाकायच्या आधी तारीख आणि रक्कम लेखी येऊ द्या. हे खरं तर जपान्यांपुरतं नाही, माझ्या किचनच्या कॉन्ट्रॅक्टरलाही लागू आहे, तो वेगळा विषय.

प्रश्न : मी बंगलोरला असते, बाबा लातूरला. मी व्हॉट्सॲपवर एवढं मोठं लिहिते आणि बाबांचं उत्तर ‘ठीक.’ असं, पूर्णविरामासकट. नाहीतर नुसता अंगठा. आणि रोज रात्री ‘जेवलीस का’ एवढंच विचारतात, दुसरं काही नाही. रागावलेत का?

रोज जेवलीस का विचारणारा माणूस रागावलेला नसतो. त्याला भाजी कुठली होती ते ऐकायचं नसतं गं, तू आहेस ना तिथं, बरी आहेस ना, एवढं बघायचं असतं, आणि बापाला ते तसं लिहायला जमत नाही म्हणून जेवण मध्ये येतं. तू उत्तरात ‘हो’ न लिहिता ‘वरणभात, तुम्ही?’ असं लिहून बघ, गाडी पुढं जाईल. मोठं काही सांगायचं असेल तर फोन कर, तेही संध्याकाळच्या बातम्या संपल्यावर.

आणि त्या पूर्णविरामाचं टेन्शन घेऊ नकोस. तुमच्या पिढीला तो राग वाटतो, पण त्यांना शाळेत मास्तरांनी छडी घेऊन शिकवलाय तो.