स्विच लाइटवर पहिली आरपीजी कोणती घेऊ? रोज बसमध्ये पाऊण तास मिळतो

तुमचा प्रश्न वाचला. सेकंडहँड स्विच लाइट (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) घेतलाय, मारिओ कार्ट आणि झेल्डा खेळून झालंय, आता आरपीजी (म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपण एक पात्र होऊन लांबलचक कथा खेळतो) खेळून बघायचीय पण टर्न-बेस्ड वगैरे शब्दांनी गोंधळ होतोय, कंपनीच्या बसमध्ये रोज पाऊण तास मिळतो बजेट एकाच गेमचं आहे आणि पोकेमॉन चालेल का असंही विचारलंय. बरोबर ना? खालच्या उत्तरांत लोकांनी तुम्हाला पंधरा-वीस नावं दिलीयत आणि त्यातले बरेचसे गेम खरंच भारी आहेत, पण मला वाटतं "सगळ्यात भारी कोणता" हे आत्ता बाजूला ठेवा, तुमच्याकडून पूर्ण होईल असा कोणता ते बघा, कारण पहिली आरपीजी अर्ध्यात सुटली की माणूस परत तिकडे वळत नाही, हे मी माझ्या स्वतःच्या बाबतीत आणि निदान चार मित्रांच्या बाबतीत बघितलंय.

माझं असं झालं की मी सुरुवातीलाच एक प्रचंड मोठा गेम घेतला, सगळे म्हणत होते मास्टरपीस आहे म्हणून. पहिल्या दहा तासांत त्याने मला सात-आठ वेगवेगळ्या सिस्टीम शिकवल्या, प्रत्येकीचा ट्यूटोरियल एकदाच दिसायचा आणि गेला की गेला, मधे चार दिवस ऑफिसमुळे खेळायला जमलं नाही आणि परत चालू केला तर कुठलं बटण कशासाठी तेच आठवेना. वीस-बावीस तासांवर सोडला आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आरपीजीच्या वाटेला गेलो नाही. ती दोन वर्षं वाया गेली असं मला आजही वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी टर्न-बेस्ड म्हणजे काय ते. पत्त्यांच्या डावात कसं, आपली पाळी आली की आपण पान टाकतो, मग समोरचा टाकतो, तसंच. तुमची तीन-चार जणांची टोळी असते (तिला पार्टी म्हणतात), तुमची पाळी आली की वार करायचा का मंत्र मारायचा का जखमी झालेल्याला बरं करायचं ते मेन्यूतून निवडायचं आणि तुम्ही निवडेपर्यंत शत्रू थांबून राहतो. बसमध्ये खेळणाऱ्यासाठी हे सोन्यासारखं आहे, खड्डा आला, फोन वाजला, शेजारच्याला उतरायला वाट द्यायची आहे, काहीही असो, तुमचा कोणी मरत नाही. वरचं पॉवरचं बटण दाबलं की स्विच झोपतो आणि संध्याकाळी उघडला की त्याच लढाईत त्याच पाळीवर तुम्ही परत असता. ॲक्शन आरपीजीमध्ये लढाई सतत चालू असते, त्या घरी सोफ्यावर छान वाटतात, पण हलत्या बसमध्ये साडेपाच इंचाच्या स्क्रीनवर मी पहिल्यांदा तरी सुचवणार नाही.

आता तुमचा हिशोब करू. रोज पाऊण तास, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे पावणेचार तास, महिन्याला साधारण पंधरा. पर्सोना ५ रॉयल हे नाव तुम्हाला तीन जणांनी सुचवलंय, गेम अप्रतिम आहे, पण शंभर तासांच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या वेगाने साडेसहा-सात महिने, आणि त्यात पहिले कित्येक तास गेम हात धरून फिरवत असतो. दुसरी किंवा तिसरी आरपीजी म्हणून जरूर घ्या. पहिली म्हणून एवढा मोठा संसार अंगावर घेऊ नका.

माझं उत्तर आहे ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस. स्विचवर २०१९ मध्ये आला. मुख्य कथा पन्नास-साठ तासांची आहे, म्हणजे तुमचे साधारण चार महिने, हेही कमी नाही मान्य आहे, पण तो का म्हणतोय ते ऐका.

ही सगळी मालिकाच मुळात आरपीजी न खेळलेल्या माणसासाठी जन्माला आली. १९८६ साली जपानमध्ये युजी होरीने पहिला ड्रॅगन क्वेस्ट केला तेव्हा आरपीजी म्हणजे कॉम्प्युटरवरचे विझर्ड्री आणि अल्टिमासारखे इंग्रजी गेम होते, कीबोर्ड लागायचा, नकाशे वहीवर काढावे लागायचे. होरीला ते आवडायचे आणि फॅमिकॉमवर (निन्टेन्डोचा तेव्हाचा टीव्हीला जोडायचा कन्सोल) दोन बटणांनी खेळणाऱ्या पोरांनाही तीच मजा मिळावी असं त्याला वाटत होतं. तर त्याने काय केलं बघा, गेम सुरू होतो तो राजाच्या दरबारात आणि दरवाजा बंद. राजाशी बोलायचं, खोलीतली पेटी उघडायची, त्यात किल्ली मिळते, किल्लीने दार उघडायचं, मग जिना उतरायचा. एवढं करून तुम्ही बाहेर पडलात की बोलणं, वस्तू घेणं, वस्तू वापरणं, जिन्याने जाणं सगळं शिकून झालेलं असतं आणि आपल्याला कोणी शिकवलं असं वाटतसुद्धा नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला, इतका साधा विचार आणि इतका प्रेमाने केलेला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लेव्हल. लढाया केल्या की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, ताकद वाढते, म्हणजे ज्याचे हात चपळ नाहीत तोसुद्धा चिकाटीने थोडा जास्त वेळ देऊन पुढे जाऊ शकतो. माझ्यासारख्या, ज्याला मारिओच्या उड्या कधी जमल्या नाहीत अशा माणसाला हे फार मोठं वाटतं.

इलेव्हनमध्ये हाच स्वभाव आहे, फक्त रूप आजचं आहे. चित्रं अकिरा तोरियामाची, ड्रॅगन बॉलवाला तोच, त्यामुळे राक्षससुद्धा असे गोड की मारताना वाईट वाटतं. शत्रू मैदानात फिरताना दिसतात, लढायचं नसेल तर वळसा घालून जा. लढाईचा वेग वाढवता येतो. साथीदारांना प्रत्येक पाळीला हुकूम द्यायचा कंटाळा आला तर "शहाणपणाने लढा" अशा अर्थाचं धोरण लावून द्या, ते आपापलं लढतात, आणि मोठा बॉस (म्हणजे खास तगडा शत्रू) आला की परत सूत्रं आपल्या हातात घ्या. कौशल्याचे पॉइंट चुकीच्या जागी घातले तर पुढे थोडे पैसे भरून परत काढता येतात, त्यामुळे नवखा माणूस कायमचा अडकत नाही. आणि एक एक गोष्ट सुटी सुटी येते. सुरुवातीला तुम्ही आणि तलवार, मग एक चोर साथीला येतो, मग मंत्र मारणारी, मग बरं करणारी, प्रत्येक जण येतो तेव्हा एखादी नवी गोष्ट घेऊन येतो आणि ती हाताला बसेपर्यंत पुढची येत नाही. तुम्ही गुरुवारी सोडून सोमवारी उघडलात तरी चालतं, लोड होताना आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतोसुद्धा.

बजेटच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हे की याचा फुकट डेमो ईशॉपवर (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात) आहे आणि तो दहा मिनिटांचा नाही, कित्येक तास चालतो, आणि पुढे गेम विकत घेतलात तर डेमोतला सेव्ह तसाच पुढे नेता येतो. म्हणजे तुम्ही पैसे न घालता दोन-अडीच आठवडे बसमध्ये खेळून बघा आणि मग ठरवा. डेमो साइझने बऱ्यापैकी मोठा आहे, लाइटमध्ये आतली जागा ३२ जीबीच असते, तेव्हा आधी झेल्डा वगैरे डिजिटल असेल तर आर्काइव्ह करून (गेम काढला जातो, सेव्ह राहतो) जागा करा आणि रात्री वायफायवर लावून झोपा. पूर्ण गेम घेताना मात्र कार्ट्रिज मिळाली तर कार्ट्रिजच घ्या, वापरलेली असली तरी हरकत नाही, स्विचच्या कार्ट्रिजना रीजनचं बंधन नाही त्यामुळे दुबईहून आणलेली असो का अमेरिकेतून, चालते, आणि संपल्यावर विकून पुढच्या गेमचे अर्धे पैसे उभे करता येतात. डिजिटल घेतला की तो तुमच्या अकाउंटला चिकटला.

आता एक अडचण आहे ती लपवत नाही. वाचायला भरपूर आहे आणि इंग्रजी साधं नाही. हॉट्टो नावाचं गाव आहे तिथली माणसं हायकूत बोलतात, दुसऱ्या एका बंदरावर इटालियन ढंगाचं इंग्रजी, तेही स्पेलिंग मोडून लिहिलेलं. ज्याला इंग्रजी सहज वाचता येतं त्याला हे फार मजेचं आहे. माझ्या बहिणीचा मुलगा मराठी शाळेत पाचवीला होता तेव्हा आम्ही दोघं मिळून खेळायचो, मी मोठ्याने वाचायचो आणि तो लढायचा, हायकूवाल्या गावात आम्ही मराठीत हायकू करून बोलायचो, फार सुंदर दिवस होते ते, पण तो एकटा खेळला असता तर पहिल्याच शहरात थांबला असता हेही खरं. तुम्ही प्रश्न ज्या पद्धतीने लिहिलाय त्यावरून तुम्हाला ही अडचण येऊ नये, तरी डेमोत अंदाज येईलच.

वाचायचा कंटाळा असेल किंवा चार महिने फारच वाटत असतील तर सुपर मारिओ आरपीजी घ्या. मूळ गेम १९९६ चा, स्क्वेअरने निन्टेन्डोबरोबर केलेला, स्विचवर २०२३ मध्ये नव्याने आला. बारा-पंधरा तासांत संपतो, म्हणजे तुमचा एक महिना. पाळीपाळीनेच लढायचं पण वार लागायच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर जास्त जोरात बसतो आणि शत्रूचा वार येताना दाबलं तर कमी लागतो, त्यामुळे मारिओ कार्ट खेळलेल्या हातांना काहीतरी काम राहतं. सोपा मोडही आहे. एकच गोष्ट, लेव्हल, कपडे-हत्यारं, पैसे याचा विचार यात फार करावा लागत नाही, त्यामुळे आरपीजीची जी खरी गोडी, म्हणजे दुकानासमोर उभं राहून तलवार घेऊ का चिलखत घेऊ असं पाच मिनिटं झुरत बसणं, ती इथे कमी मिळते.

पोकेमॉनबद्दल तुम्ही विचारलंय. लेट्स गो पिकाचू गोंडस आहे आणि सोपा आहे, पण त्यात रानातल्या पोकेमॉनशी एखाददुसरा अपवाद सोडला तर लढायचंच नसतं, फक्त बॉल फेकून पकडायचं, म्हणून लढाई शिकायची असेल तर तो पहिला नको. फायनल फँटसीचे जुने सहा भाग पिक्सेल रीमास्टर म्हणून स्विचवर आहेत, त्यात अनुभवाचे गुण चौपट करता येतात आणि वाटेत अचानक होणाऱ्या लढाया बंदही करता येतात, तुम्हाला जुनी पिक्सेलची चित्रं आवडत असतील तर सहावा भाग नक्की खेळा, माझ्या फार जवळचा आहे. पण इलेव्हननंतर. झेनोब्लेड आत्ता नको, सिस्टीम खूप आहेत आणि लाइटच्या स्क्रीनवर बारीक अक्षर वाचून डोळे दुखतात.

बाकी आरपीजी आणि हँडहेल्ड (हातात धरून खेळायचे कन्सोल) यांचं नातं जुनं आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९६ साली पोकेमॉन गेम बॉयवर आला तेव्हा पोरं केबलने दोन गेम बॉय जोडून पोकेमॉनची अदलाबदल करायची. आणि २००९ मध्ये ड्रॅगन क्वेस्टचा नववा भाग टीव्हीवरच्या कन्सोलवर न येता थेट निन्टेन्डो डीएसवर आला, तर जपानमध्ये लोक डीएस बंद न करता खिशात ठेवून रस्त्याने हिंडायचे, समोरून दुसरा खेळणारा गेला की दोघांचे गेम आपोआप एकमेकांशी माहिती देवाणघेवाण करायचे, खजिन्याचे नकाशे मिळायचे. तेव्हा तुम्ही बसमध्ये बसून खेळणार आहात ती काही तडजोड नाही बरं का, हे गेम तसेच खेळले गेलेत.

शेवटी दोन-तीन गोष्टी ज्या मला कोणीतरी सुरुवातीला सांगायला हव्या होत्या. औषधं साठवून ठेवू नका, वापरा, मी शेवटच्या बॉसपर्यंत सगळी जपून ठेवली आणि गेम संपला तेव्हा ती तशीच होती. बॉस तुम्हाला हरवत असेल तर नुसते वार करत राहू नका, आपलं संरक्षण वाढवणारा बफ आणि शत्रूचं कमी करणारा सॅप हे मंत्र नवीन लोक हमखास दुर्लक्षित करतात आणि निम्म्या बॉसचं उत्तर तेच असतं. युट्यूबवर गाइड बघू नका, निदान पहिले तीस तास तरी, कथेत मधे असं काही घडतं की ते आधी कळलं तर फार मोठं नुकसान आहे. आणि बस थांब्याला लागायच्या पाच मिनिटं आधी नवीन गुहेत शिरू नका, त्या वेळात गावातल्या लोकांशी बोला, घरांतली कपाटं-मडकी तपासा, सेव्ह करा.

डेमो डाउनलोड करा, पहिल्याच तासात गावामागचा डोंगर चढायचा आहे, वर पोचलात की हेडफोन लावलेले असू द्या. कसं वाटलं ते इथेच खाली लिहा, कुठे अडलात तर विचारा, मी बघत असतो.