शेत डी बिअर बंधूंचे, हिरे भलत्यांचे

प्रश्न : गुजरीत आमची सराफी पेढी आहे. सोन्याचा दर आम्ही रोज सकाळी फळ्यावर लिहितो, मग हिऱ्याचा का नाही, असे गिऱ्हाईक विचारते. आमच्याकडे येणारे जुने दलाल ‘ते सगळं डी बिअर्सच्या हातात’ असे म्हणून विषय संपवीत. ही डी बिअर्स कोण, आणि दलालांचे म्हणणे खरे आहे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : म्हणणे अर्धे खरे आहे. डी बिअर्स ही हिऱ्यांच्या खाणी चालवणारी आणि कच्चे हिरे विकणारी कंपनी. फळ्यावर दर न लिहिण्याचा दोष तिचा नाही. सोने वितळवले की एकजात होते, हिऱ्याचा मात्र प्रत्येक खडा वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू यांनी वेगळा ठरतो. कच्च्या हिऱ्यांचे भाव पडू न देण्याचे काम मात्र या कंपनीने शंभरेक वर्षे नेटाने केले.

गंमत अशी की, ज्यांचे नाव कंपनीने लावले त्या डी बिअर बंधूंचा कंपनीशी काही संबंध नव्हता. हे दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाचे शेतकरी. 1871 मध्ये त्यांच्या शेतात हिरे सापडले, लोकांची झुंबड उडाली आणि त्यांनी सहा-साडेसहा हजार पौंडांना जमीन विकून टाकली. तेथे पुढे किंबर्ली शहर वसले. खाण खोल जाऊ लागली तशा कडा ढासळू लागल्या, पाणी भरू लागले आणि जमिनीचा चौकोनी तुकडा घेऊन एकट्याने खणणारा माणूस टिकेना. पाणी उपसणारे पंप भाड्याने देणाऱ्या सेसिल ऱ्होड्सने असे तुकडे विकत घेत 1880 मध्ये डी बिअर्स कंपनी काढली, 1888 मध्ये तिचा विस्तार केला आणि बार्नी बार्नाटो या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातील खाणीसाठी 1889 मध्ये 53,38,650 पौंडांचा धनादेश दिला. कृष्णवर्णीय मजुरांना मात्र खडे बाहेर जाऊ नयेत म्हणून कराराची मुदत संपेपर्यंत बंदिस्त आवारात ठेवले जाई. कंपनीच्या वैभवाची ही बाजू दागिन्यांच्या जाहिरातीत अर्थातच येत नाही.

हिरे दुर्मीळ आहेत म्हणून महाग, ही समजूत आफ्रिकेतील या खाणींनीच खोटी पाडली होती. माल मुबलक निघत असल्याने तो रोखून धरणे भाग होते. 1929 मध्ये अध्यक्ष झालेल्या अर्नेस्ट ओपेनहायमर यांनी इतर खाणींचा मालही एकाच खिडकीतून विकला जाईल अशी व्यवस्था पक्की केली. निवडक व्यापाऱ्यांना लंडनला बोलावून खड्यांची पेटी पुढे ठेवली जाई. भाव कंपनी ठरवणार, आणि घ्यायची तर अख्खी पेटी घ्यायची. ‘हिरा कायमचा’ या आशयाचे जाहिरातवाक्य 1947 मधले. आपल्याकडे जुना साज मोडीत देऊन नवा घडवतात. हिरे तसे परत बाजारात आले असते तर भाव कोसळला असता, हे ध्यानात घेतले की त्या वाक्यातील हिशेब उमगतो.

पुढे दक्षिण आफ्रिकेशेजारचा बोट्स्वाना देश 1966 मध्ये स्वतंत्र झाला, दुसऱ्याच वर्षी ओरापा येथे मोठा साठा सापडला, आणि तेथील सरकार खाणकंपनीत निम्म्याचे भागीदार झाले. ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाण 1996 मध्ये एक-खिडकी व्यवस्थेतून बाहेर पडली, रशियाचा मालही स्वतंत्रपणे येऊ लागला आणि 2000 मध्ये डी बिअर्सने साऱ्या जगाचा साठा सांभाळण्याचे धोरण सोडले. तुमचे दलाल सांगत तो काळ त्याआधीचा. कंपनीची कच्च्या हिऱ्यांची विक्रीही 2013 मध्ये लंडनहून बोट्स्वानाच्या राजधानीत, गॅबरोनला गेली.