मग आज्जी झोपायची कधी?

प्रिय चिऊ,

रविवारी आपण धुंधुरमासाचं जेवण करू या, सूर्य उगवताना गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, असं मी म्हणाले, तेव्हा तू विचारलंस, "मग आज्जी झोपायची कधी?" आणि मी काही बोलायच्या आत दुसरं, "आणि तुला ते बघून मजा यायची?" मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. तोंडानं सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुला वाटतं मी रागावले. म्हणून लिहिते.

मजा यायची. खूप यायची. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी ते नाकारतेय.

तू वाळव्याकडचं आपलं घर पाहिलंयस ते जुलै-ऑगस्टात, तुझ्या सुट्टीत, पाऊस आणि चिखल असताना. तिथला पौष तू पाहिलेला नाहीस. पहाटे कृष्णेवरनं धुकं उठायचं आणि उसात शिरायचं. तुरा आलेला ऊस असला की नुसते पांढरे तुरे वर दिसायचे, खाली काहीच नाही. परड्यात बंब पेटलेला असायचा, त्यात तुराट्या आणि गुऱ्हाळावरनं आणलेली चिपाडं. चिपाडं भसाभस जळतात, म्हणून सारखी घालत राहावी लागतात. ते काम माझं. अंगावर आज्जीचं जुनं लुगडं गुंडाळून मी बंबाला पाठ लावून बसायची. आतून भाकरीची थाप ऐकू यायची. रस्त्यानं उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघालेल्या असायच्या, बैलांच्या घुंगरांवरनं कळायचं गाडी किती लांब गेली ते. मग तुझा मामा डेअरीला दूध घालून रिकामी किटली वाजवत यायचा आणि म्हणायचा, "वाढा!"

गुऱ्हाळाचं तुला मागे सांगितलंय, काकवीचं. पण सकाळचं गुऱ्हाळ निराळंच. चुलवाणाच्या उबेला गावातली निम्मी पोरं जमायची, आणि गुळव्या काहिलीकडे बघत उभा असायचा. त्यानं खूण केल्याशिवाय काहील उतरायची नाही. आम्ही उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन तो फुंकत फुंकत खायचो. शाळेला उशीर व्हायचा. मास्तर ओरडायचे. त्या उबेचं मला आजही काही कमी वाटत नाही.

आता तुझा प्रश्न.

आज्जी चारला उठायची. धुंधुरमास असो नसो, चारलाच. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असायची, त्यामुळे तात्या बॅटरी घेऊन रात्रभर उसाला पाणी पाजायला, दारं धरायला गेलेले असायचे. उजाडता उजाडता यायचे ते ढोपरापर्यंत चिखलात, पायाची बोटं बधिर झालेली. आधी चुलीपुढं बसायचे, बोलायचे नाहीत. त्या माणसाला सूर्योदयाला जेवण लागायचं, कारण त्याला खरोखर भूक लागलेली असायची. मला वाटतं हा रिवाज असाच कुठून तरी आला असेल. रात्र मोठी, थंडी कडक, काम रात्रीपासून सुरू. मग पहाटेच पोटभर खायचं, आणि खायचं आहे तर देवालाही आधी दाखवायचं. धुंधुरमास म्हणजे सूर्य धनू राशीत असतो तो महिना, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. यापलीकडे मला शास्त्र सांगता यायचं नाही आणि तुला ते नकोही असेल.

पण नैवेद्य झाला, तात्या जेवले, मामा जेवला, मी जेवले, गडी जेवले, आणि आज्जी? तिचं ताट व्हायचं ते दहाच्या सुमाराला, भांडी-धुणं झाल्यावर. सूर्य तेव्हा चांगला वर आलेला. भाकरी गार. तू विचारेपर्यंत मी ही गोष्ट जेवणाच्या गोष्टीत कधी धरलीच नव्हती. तुझा प्रश्न लागला तो म्हणून.

आणखी एक सांगते. आपल्या मळ्यालगत ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. बीडकडची माणसं. ती आमच्याही आधी, अंधारात फडात शिरलेली असायची. माझ्याएवढी एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्या बंबापाशी शेकायला यायची. आज्जी तिला भाकरी द्यायची, लोण्यासकट. तिला त्या सकाळी कशा आठवत असतील? तिच्या-माझ्या अंगावर धुकं तेच होतं.

म्हणून मी सगळ्या आठवणी फेकून द्याव्यात, असं मात्र मला वाटत नाही. आज्जी स्वतः थंडीचं कौतुक करते. काल फोनवर म्हणाली, "औंदा गारठा झ्याक पडलाय, शाळू भरणार." ती तक्रार करत नव्हती. ती खूश होती, आणि तिची खुशीही मला तुझ्यापर्यंत पोचवायचीय. नुसते कष्ट सांगितले तर तिचं अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

इथं एडिंबरात तसंही सगळं उलटं आहे. तिकडे डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा, इथं जेमतेम सात. सूर्य उगवतो पावणेनऊच्या आसपास, म्हणजे शाळा असेल तर तू दप्तर घेऊन अर्धवट उजेडात चालत असतेस. मला पहिल्या वर्षी याचा फार त्रास झाला. मग लक्षात आलं की जानेवारीत इथली सकाळ पुढं सरकताना दिसते. महिनाअखेरीला सव्वाआठच्या आत उजाडतं, समोरच्या छपरावरचं दंव आधी निळं आणि मग गुलाबी होतं. गावाकडे तर जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उलट थोडा उशिराच उगवत जातो, दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं. म्हणजे सकाळ लवकर व्हायला लागल्याचा हा आनंद मला इथंच मिळाला. तोही आपलाच.

तर रविवारी कुणीच चारला उठायचं नाही. खिचडीची डाळ-तांदूळ मी रात्री काढून ठेवीन. वांगं दादा भाजेल, त्याला सांगितलंय. भाकरी मी थापीन, तुला शिकायची असेल तर शीक, नाहीतर नुसती बस. चौघं एकदम जेवायला बसू, मी नंतर नाही. आपल्याकडे पावणेनऊ म्हणजे गावाकडे सव्वादोन, तेव्हा आज्जी जेवून सोप्यात टेकलेली असते. तिला फोन लावू. झोपेचं तिलाच विचार, तुझ्या शब्दांत. मी मध्ये बोलणार नाही.

आणि अगदीच नको वाटलं, तर झोप. भाकरी झाकून ठेवते.

तुझी,
आई