गुडघा बदलल्यावर पू येतोय, नुसतं धुवून नाही का भागणार?

प्रश्न: माझ्या आईचा (वय ६८, शुगर आहे) उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. गेले आठ महिने तो सुजतो, दुखतो आणि टाक्यांच्या जागी बारीक भोक पडून पू येतो. अँटीबायोटिकचे तीन कोर्स झाले, गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की परत तेच. आता डॉक्टर म्हणतात सांधा काढून मधे सिमेंट भरायचं आणि दोनेक महिन्यांनी नवीन बसवायचा. या वयात दोन ऑपरेशनं? नुसतं धुवून नाही का चालणार? - एक वाचक, सांगली

उत्तर: आईची काळजी वाटणं साहजिक आहे, पण डॉक्टर सांगतायत ते बरोबर वाटतं. भोक थेट सांध्यापर्यंत पोचलेलं असेल तर इन्फेक्शन सांध्यातच आहे हे तेवढ्यावरून नक्की होतं. धातू आणि प्लॅस्टिकवर जंतू चिकट थर करून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, त्याच्या आत औषध नीट पोचतच नाही, म्हणून गोळ्यांनी वरवर शांत होतं आणि मूळ तिथेच राहतं. धुवून फक्त मधलं प्लॅस्टिक बदलणं हे पहिल्या महिन्याभरात किंवा त्रास सुरू झाल्यापासून तीनेक आठवड्यांत, थर पक्का व्हायच्या आधी ठीक. आठ महिन्यांनी ते केलं तर आईला बहुतेक तिसऱ्यांदा टेबलावर जावं लागेल.

पहिल्या ऑपरेशनमधे सगळे पार्ट, जुनं सिमेंट आणि खराब झालेलं मांस काढतात, पाच-सहा जागचे तुकडे कल्चरला (लॅबमधे जंतू वाढवून तो कोणता ते बघायला) पाठवतात. मोकळ्या जागेत व्हँकोमायसिन, जेंटामायसिन अशी औषधं मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) बसवतात, शिरेतून देता येणार नाही एवढं औषध त्यातून जागेवरच मिळतं. मग साधारण सहा आठवडे अँटीबायोटिक, जखम कोरडी आणि सीआरपी (रक्तातला सूज-इन्फेक्शनचा आकडा) खाली आला की नवीन सांधा. तोवर वॉकर लागेल, हे दिवस खरंच कठीण जातात, घरात एक माणूस सोबत हवाच. दहातल्या साधारण आठ जणांचं इन्फेक्शन यानं जातं. एकाच ऑपरेशनमधे काढून बसवणंही होतं, जर्मनीत हॅम्बुर्गला १९७० च्या दशकापासून करतायत, पण त्यासाठी जंतू कोणता ते आधी कळलेला हवा आणि वरची कातडी-मांस चांगलं हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःच्या मनानं चौथा कोर्स सुरू करू नका!! गोळ्या घेतलेल्या असल्या की कल्चरमधे बऱ्याचदा जंतू सापडत नाही आणि मग अंदाजानं औषध द्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद करा, किमान दोन आठवड्यांनी सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासायला द्या. भोकावरच्या पुवाचा स्वॅब (कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) पुरत नाही, त्यात कातडीवरचे जंतू येतात. टीबी आणि बुरशीचीही तपासणी करायला सांगा. मधे थंडी वाजून ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच ॲडमिट करा.

शुगर आत्तापासूनच आटोक्यात आणा. आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनच्या फाइलमधे इम्प्लांटचे स्टिकर लावलेलं पान असतं ते शोधून सोबत न्या, कुठल्या कंपनीचा, कुठल्या साइजचा सांधा आहे ते कळलं की काढायची हत्यारं आधीच मागवता येतात.