एकल तबलावादनात पढंत करताना नाट्य कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न असा, की पढंत करताना, म्हणजे तबल्याचे बोल तोंडानं म्हणून दाखवताना, आवाज सपाट निघतो आणि हातवारे करून बोललं की गुरुजी 'तमाशा नको' म्हणतात.

गुरुजींचं बरोबर आहे. नाट्य बोलांतच असतं, वरून लावायला गेलं की ओंगळ दिसतं. 'गे' डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या खर्ज्या वाद्याचा, तो छातीतून येऊ द्या. 'ना' चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, दातांशी टणकन सुटला पाहिजे. 'क' म्हणजे डग्ग्यावरची बंद थाप, तो तिथल्या तिथे तोडायचा. बहुतेक जण सगळे बोल एकाच सुरात, पाढे म्हटल्यासारखे म्हणतात. सपाटपणा येतो तो तिथून.

दुसरी गोष्ट, थांबणं. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, ही तिहाई (तीनदा म्हणायचा तुकडा) उचला: तिट कत गदि गन धा ऽ, तिट कत गदि गन धा ऽ, तिट कत गदि गन धा. प्रत्येक जोडीला एक मात्रा, 'धा'ला एक. मध्ये दोनदा एकेक मात्रा रिकामी, आणि सतराव्या मात्रेला, म्हणजे पुढच्या समेवर, शेवटचा 'धा'. त्या रिकाम्या मात्रा नुसत्या मोजू नका, श्वास धरून थांबा आणि समोर बघा. दुसऱ्या थांब्याला पहिल्या रांगेतलं कुणीतरी पुढे झुकतंच. तिसऱ्यांदा तुकडा ओरडून म्हणायची गरज नाही, उलट आवाज थोडा खाली घ्या. नाशिक ढोलाच्या गावात राहून हे सांगतोय, मोठ्या आवाजाची सवय आपल्या कानांना जरा जास्तच आहे!

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. पंचवटीतल्या एका घरगुती बैठकीत चक्रदार (तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा येतो ती रचना) इतक्या जोशात म्हटला की टाळ्या पढंतीलाच पडल्या. मग ती लय हाताला झेपेना. दुसऱ्या पल्ल्यात 'धिरधिर' चिकटलं आणि लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, धरणारा पेटीवाला माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हापासून हात देऊ शकतो तेवढंच तोंडानं कबूल करतो.

पाश्चात्त्य तालवादकही हे करतात. संगीतकार व्हिंको ग्लोबोकार यांच्या १९७३च्या 'तूशे'मध्ये वादक ब्रेख्तच्या गॅलिलिओवरच्या नाटकातला मजकूर बोलत वाजवतो, आणि वाद्यं निवडायची ती उच्चारांशी जुळतील अशी. त्यांना शब्दांसाठी वाद्य शोधावं लागतं, आपले शब्द मुळात वाद्यातूनच निघालेत. निम्मं काम आयतं.

हातवाऱ्यांपैकी टाळी-खाली, म्हणजे हातानं ताल दाखवणं, मात्र जरूर ठेवा. कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेला ओठ दिसत नाहीत, नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, उलटा पडलेला हात दिसतो. आणि पढंतीला वेगळा माइक मागून घ्या, तबल्याच्या माइकवर वाकून बोललात तर तुमचा 'गे' कुणालाच ऐकू जायचा नाही.