वाचकांचे प्रश्न : चिलटाचा मेंदू, एकेक पेशी

प्रश्न : काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. फळमाशीने फळगळ फार होते. मेंदूच्या संशोधनात जी फळमाशी वापरतात ती हीच का?

उत्तर : नाही. मराठीत दोघींना एकच नाव पडलंय, तिथेच घोळ होतो. तुमच्या बागेतली माशी बॅक्ट्रोसेरा. ती धडधाकट फळाची साल भेदून आत अंडी घालते. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं, जेमतेम तीन मिलिमीटरचं चिलट. ते आंबलेल्या गरावरच्या यीस्टवर जगतं. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात बागेतल्या माशीचे नर येतात, चिलटं त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. किडीसाठी नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा. खालची उत्तरं चिलटाबद्दल आहेत, तिथे ‘माशी’ म्हटलं की तेच समजा.

प्रश्न : खसखशीएवढ्या मेंदूतल्या पेशी एकेक करून कशाला तपासायच्या? सगळा मेंदू एकत्र वाटून जनुकं मोजली तर काय बिघडतं? (धरमपेठ)

उत्तर : बरीच वर्षं तसंच करत होते. पण शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळी शितं सारखी असतात म्हणून. इथे तसं नाही. माशीच्या शरीरातल्या घड्याळाला वेळ लावणाऱ्या, पीडीएफ नावाचं पेप्टाइड (छोटंसं प्रथिन) सोडणाऱ्या पेशी प्रौढ मेंदूत दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे सोळा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लायवायर या मेंदूतल्या जोडण्यांच्या नकाशात एका मादीच्या मेंदूत १,३९,२५५ चेतापेशी मोजल्या आहेत. त्यात सोळा पेशींचं जनुक रात्रीत दुप्पट बोलू लागलं, तरी वाटलेल्या मेंदूत ते ऐकूच येणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. फ्लायवायरने आकार आणि जोडण्यांवरून ८,४५३ प्रकार मोजले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या ल्यूवेन इथल्या गटाने ५७,००० पेशींचे आरएनए (चालू जनुकांच्या नकला) वाचून सुरुवातीला ८७ गट पाडले. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. शेजारशेजारच्या प्रकारांची जोडणी वेगळी असली तरी प्रौढपणी त्यांची चालू जनुकं बरीच सारखी दिसतात. कोषावस्थेत जोडण्या घडत असताना फरक जास्त ठळक असतो. म्हणून प्रकार ओळखणं हाच प्रश्न असेल तर कोष घ्या.

प्रश्न : एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. मेंदू काढून पेशी सुट्या केल्या, पण निम्म्याहून जास्त मेल्या, आणि उरलेल्यांत हीट शॉकची जनुकं भडकलेली दिसली. कुठे चुकलं?

उत्तर : महिना लिहिलेला नाही, पण एप्रिल-मे असावा असा अंदाज. माशी २५ अंशांवर वाढवतात. ३७ अंशांवर काही मिनिटांतच तिची एचएसपी-७० ही हीट शॉकची जनुकं सुरू होतात. हा प्रतिसाद पहिल्यांदा सापडला तोच ड्रोसोफिलात, रिटोसा यांना, १९६२ साली. नागपूरच्या उन्हात इन्क्युबेटरमधून बाटली काढून दुसऱ्या इमारतीत नेली, तर प्रयोग वाटेतच सुरू झाला. बाटली थर्माकोलच्या डब्यातून न्या. बर्फ बाटलीला चिकटू देऊ नका, मध्ये कापडाची घडी ठेवा. वीज जाऊन इन्क्युबेटर तापला असेल तर त्या दिवशी मेंदू काढूच नका.

दुसरं कारण एन्झाइम. पेशी सुट्या करणारे पपेन आणि कोलॅजिनेज उबेत काम करतात, आणि त्या वेळात पेशी जिवंत असते, घाबरते, नवा आरएनए बनवते. म्हणून मेंदू काढताना द्रावण बर्फावर ठेवा, त्यात ०.१ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिन घाला म्हणजे पेशी उगाच विद्युत संदेश सोडत नाहीत. हे जहाल विष आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. वीस मेंदू काढायला तासाच्या वर लागत असेल तर आधी हात बसवा. पहिला मेंदू शेवटच्याची वाट पाहत मरतो.

काढताना पाच नंबरचे दोन चिमटे घ्या. आधी सोंड उपटा, त्या भोकातून डोक्याचं कवच दोन्हीकडे फाडा. मेंदूभोवती चंदेरी श्वासनलिका असतात. त्या राहिल्या तर मेंदू तरंगतो आणि एन्झाइम आत नीट शिरत नाही. डोळ्याचा लाल पडदा पूर्ण सोलून काढा. तो राहिला तर फुटलेल्या प्रकाशपेशींमधलं ऱ्होडोप्सिनचं (प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचं) आरएनए द्रावणात पसरतं आणि मग प्रत्येक पेशी थोडीथोडी ‘डोळा’ वाटते.

सुट्या करताना २०० मायक्रोलिटरच्या टिपने हळू वर-खाली करा. टिप आधी ०.०४ टक्के बीएसए या प्रथिनाच्या द्रावणातून फिरवून घ्या, नाहीतर मेंदू प्लास्टिकला चिकटतात. फेस आला की पेशी फुटल्या समजा. माशीच्या पेशी फार लहान, सेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट बसत नाहीत. सगळं पाणी ओतून टाकलं की पेशीही गटारात. तळाचे ५० मायक्रोलिटर सोडूनच द्या. मोजताना ट्रायपॅन ब्लू या मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगावर विसंबू नका, कचरा आणि पेशी सारख्याच दिसतात. अॅक्रिडीन ऑरेंज आणि प्रोपिडियम आयोडाइड हे चमकणारे रंग वापरा.

हे सगळं जमत नसेल तर अख्ख्या पेशींऐवजी त्यांची केंद्रकं काढा. डोकी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि कोरड्या बर्फात जिथे आरएनए वाचण्याचं यंत्र आहे तिथे पाठवा. फ्लाय सेल अॅटलस या माशीच्या पेशींच्या नकाशाने २०२२ मध्ये असेच ५,८०,००० हून जास्त केंद्रक वाचले. आरएनए कमी मिळतो, पण एन्झाइमची उबच नाही. मोजणीत इंट्रॉन (आरएनएतले नंतर कापले जाणारे तुकडे) धरायला विसरू नका. आमच्या मते मे महिन्यात हाच मार्ग शहाणपणाचा.

आणखी एक. तुलनेतले दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच वेळेला काढा. पीरियड, टाइमलेस ही घड्याळाची जनुकं दिवसभर वरखाली होत असतात. एक गट सकाळी, दुसरा जेवणानंतर काढलात, तर जो फरक दिसेल तो जेवणाच्या सुट्टीचा.

प्रश्न : पेशींच्या आरएनएची खुली माहिती उतरवून ८ जीबीच्या लॅपटॉपवर काम होईल का? आणि पीडीएफ पेशी का सापडत नाहीत?

उत्तर : होईल. दहा हजार पेशी आणि सुमारे चौदा हजार जनुकं म्हणजे चौदा कोटी खाने. पण बहुतेक खान्यांत शून्य असतं, त्यामुळे विरळ रूपात ठेवलं की सहज मावतं. पूर्ण तक्ता उघडायची आज्ञा दिली की लॅपटॉप गुदमरतो.

माणसाच्या माहितीसाठी लिहिलेला कोड तसाच चालवू नका. माशीत मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांची नावं इंग्रजी लहान अक्षरांतल्या ‘एमटी’ आणि अपूर्णविरामाने सुरू होतात. माणसाचा नमुना शोधलात तर मेलेली पेशी ओळखायला लागणारी या जनुकांची टक्केवारी शून्य येते आणि मेलेल्या पेशी गाळणीतून निसटतात. लहान-मोठ्या अक्षरांनीही जनुक बदलतं : लहान डीचं ‘डीएल’ म्हणजे डॉर्सल, मोठ्या डीचं डेल्टा. एक्सेलमध्ये तर ‘डेक-१’ची सरळ एक डिसेंबर होते.

गट ओळखताना आधी एलाव्ह हे जनुक पाहून चेतापेशी, रेपो पाहून ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) वेगळ्या करा. मग चेतापेशी कोणतं संदेश-रसायन वापरते ते व्हीएसीएचटी, गॅड-१, व्हीग्लूट या जनुकांवरून पाहा. एकाच गटात एलाव्ह आणि रेपो दोन्ही जोरात दिसले तर नवा प्रकार सापडला म्हणून नाचू नका. यंत्र एकेका पेशीला एकेका थेंबात पकडतं, एका थेंबात दोन पेशी गेल्या असतील. दहा हजार पेशी मिळवल्या की अशा जोड्या काही टक्के, कधी आठपर्यंतही निघतात.

पीडीएफचं उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. १,३९,२५५ मध्ये सोळा, म्हणजे दहा हजारांत सरासरी एखादीच. तिचा गट पडणार कसा? गॅल-४ ने (हव्या त्याच पेशींत जनुक चालू करण्याची युक्ती) त्या पेशींत हिरवं प्रथिन भरा, सॉर्टर या पेशी निवडणाऱ्या यंत्रावर निवडून प्लेटच्या एकेका खळग्यात एकेक टाका. पन्नास मेंदू घेतले तरी हातात येतील त्या जास्तीत जास्त आठशे, आणि वाटेत गळतील त्या वेगळ्या.